देवदूतांना न कळणारी भाषा

आपल्या गरजा देवाकडे अरामी भाषेत मागू नयेत, कारण देवदूतांना ती भाषा येत नाही, असं रब्बी योहानान यांचं मत तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात नोंदलेलं आहे. गंमत अशी की ज्या बॅबिलोनी तालमूदमध्ये हे मत आहे, त्याचा बराचसा भाग अरामीतच आहे. रब्बी एलाझार तर आजाऱ्याला भेटायला गेले की कधी हिब्रूत प्रार्थना करत, कधी अरामीत. मग नियमाचं काय? तालमूदचं उत्तर असं: आजाऱ्यापाशी देव स्वतःच असतो, तिथे देवदूतांची मध्यस्थी लागत नाही.

प्रार्थना समजणाऱ्या भाषेत करावी की सगळ्यांनी मिळून ठरलेल्या पवित्र भाषेत, हा ज्यू धर्मातला फार जुना वाद. तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या संहितेने त्यावर चक्क वाटणी केली. शेमा (देव एकच असल्याची कबुली), नित्याची प्रार्थना, जेवणानंतरचं आभारप्रदर्शन कुठल्याही भाषेत चालतं. पुरोहितांचा आशीर्वाद मात्र हिब्रूतच हवा. बाराव्या शतकात धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी ठरावीक प्रार्थनेमागचं कारण दिलं. बॅबिलोनच्या बंदिवासात जन्मलेल्या मुलांच्या बोलण्यात अनेक भाषांची सरमिसळ झाली आणि मनातलं नीट मांडणं त्यांना जमेना. म्हणून एझ्रा हा शास्त्री आणि त्याची धर्मसभा यांनी हिब्रूत शब्द ठरवून दिले, जेणेकरून अडखळत बोलणाऱ्याची प्रार्थनाही वक्त्याइतकीच नेटकी व्हावी. म्हणजे पवित्र भाषेचा आग्रह इथे कुणाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हता, आत घेण्यासाठी होता.

कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने हाच प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ शेमा म्हणत, पण बाकीचं हिब्रू त्यांच्याकडून जवळजवळ सुटलं होतं. कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना उपासनेची रीत शिकवली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा होता. समाजाने व्याकरण घेतलं, धर्म स्वतःचाच ठेवला. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली.

१८७४ मध्ये पुण्यात छापलेली हग्गादा उघडली की या तोडग्याचं रूप दिसतं. वल्हांडणाच्या रात्री घराघरांत वाचायचं हे पुस्तक. त्यात हिब्रूही आहे आणि मराठीही. चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत, जमिनीवर बसलेल्या आहेत. त्या रात्री प्रश्न विचारायचा मान घरातल्या धाकट्याचा असतो, आणि मुलाला समजेल अशा रीतीने गोष्ट सांगणं हे मोठ्यांचं कर्तव्य. हिब्रू न कळणारं पोर नि आजी दोघंही मराठीमुळे त्या पंगतीत नुसते श्रोते उरले नाहीत. १८८० च्या सुमारास हा समाज कीर्तनही करू लागला. आख्यान बायबलातलं, भाषा मराठी.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि पारडं फिरलं. आता हिब्रू ही शाळेची, नोकरीची, सैन्याची भाषा झाली. प्रौढ स्थलांतरितांसाठी ‘उल्पान’ नावाचे वर्ग होते. पण मुलं जी भाषा खेळता खेळता उचलत, ती साठीतल्या माणसाला वहीत गिरवावी लागे. शिवाय भाषा आली म्हणजे सगळं मिळालं असंही नव्हतं. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने या समाजाच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. त्याविरुद्ध यरुशलेममध्ये धरणं धरलं गेलं, आणि १९६४ मध्ये हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचं सरकारने जाहीर केलं. शुद्ध हिब्रू बोलणाऱ्या तरुणालाही ती चौकशी चुकली नव्हती.

तरी तिथे मराठी कीर्तनगीतं टिकली, ती मुख्यतः बायकांमुळे. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. याकडे आठवणींचा हळवेपणा म्हणून पाहणं चुकीचं ठरेल. तेराव्या वर्षी तोरा हा धर्मग्रंथ वाचणाऱ्या नातवाला हिब्रू हवी आणि त्याच्या आजीला मराठी. दोघांचा धर्म एकच आहे. मुलं नवी भाषा शिकेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून म्हाताऱ्यांच्या भाषेला वागवणारा समाज त्यांना जिवंतपणीच उपासनेतून वगळतो. मिश्नाच्या नियमानेही आजीची मराठीतली शेमा पूर्ण शेमाच आहे.