वैऱ्याचा चेहरा

'300' या हॉलिवूडच्या युद्धपटात एक प्रसंग आहे. इराण्यांचा हल्ला परतवून झाला आहे. स्पार्टाचा राजा लिओनायडस सफरचंद खात निवांत बोलत उभा आहे. त्याच्या मागे त्याचे सैनिक रणांगणावरून चालले आहेत आणि पडलेल्यांपैकी जो अजून हलतो आहे त्याला भाला खुपसून पुढे जात आहेत. कुणाला घाई नाही, कुणाला राग नाही. बायामाणसं एका ओळीनं खुरपत जावीत तसं ते काम चालू आहे. या चित्रपटात मुंडकी उडतात, हातपाय तुटतात, प्रेतं रचून भिंत उभी केली जाते. आमच्या घरातली चर्चा मात्र त्या सफरचंदाशी येऊन अडली.

झॅक स्नायडर यांचा हा चित्रपट 2007 साली आला. फ्रँक मिलर यांच्या 1998 च्या चित्रकथेवरून तो केलेला आहे आणि जवळजवळ सगळा माँट्रियलमधल्या स्टुडिओत, निळ्या पडद्यासमोर चित्रित झालेला आहे. विषय इसवी सनापूर्वी 480 सालचा. इराणचा सम्राट झर्क्सिस अफाट सैन्य घेऊन ग्रीसवर चालून आला आणि डोंगर व समुद्र यांच्यामधल्या थर्मोपिलीच्या चिंचोळ्या वाटेवर थोड्या ग्रीकांनी त्याला अडवून धरलं. आमचा थोरला आता कॉलेजात जातो. त्यानं तो मित्रांबरोबर पाहिला होता आणि सारखा त्याच्याबद्दल बोलत होता. आपल्या मुलाला एवढं काय भावलं हे आपणही पाहावं, असं ठरवून एका शनिवारी धाकटीला मावशीकडे पाठवलं आणि आम्ही मोठी माणसं बसलो. आजीही बसली.

ख्रिस्ती घरात असा चित्रपट आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रक्तपात किती आहे, अंगप्रदर्शन किती आहे? प्रश्न रास्त आहे. लहान मुलांपुरता तो पुरेसाही आहे. पण मोठ्या मुलापुढे तो मांडला तर त्याच्याजवळ उत्तर तयार असतं, आणि आमच्याही मुलाजवळ होतं. शास्ते या पुस्तकात एहूद एग्लोन राजाच्या पोटात सुरी खुपसतो ती मुठीसकट आत जाते. याएल झोपलेल्या सीसराच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते. दावीद गल्याथाला पाडून थांबत नाही, त्याचं शीर कापतो. आपल्या संडे स्कूलमध्ये फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून आपण सात-आठ वर्षांच्या मुलांना हा गल्याथ शिकवतो. मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' तर कितीतरी कुटुंबांनी मुलाबाळांसकट पाहिला, आणि त्यातले फटके '300' मधल्या कुठल्याही वारापेक्षा जास्त वेळ पाहावे लागतात. तेव्हा नुसतं रक्त मोजून आमचं काम भागणार नव्हतं.

मुलाला काय भावलं हे समजायलाही वेळ लागला नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलाला खिंड लढवणारे मूठभर लोक दाखवले की त्याच्या मनात बाजीप्रभू उभे राहणारच. 1660 चा तो जुलै, पन्हाळ्यावरून निसटलेले महाराज, मागे सिद्दी मसूदची फौज आणि घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिलेले बांदलांचे लोक. शाळेपासून हे आपल्या रक्तात आहे. त्यातून ख्रिस्ती घरातला मुलगा असेल तर त्याला गिदोनाचे तीनशेही ठाऊक असतात. 32,000 माणसांतून देवानं गाळून गाळून 300 ठेवले आणि त्यांच्या हाती कर्णे, रिकामे घडे आणि घड्यांत मशाली दिल्या. आपण थोडे आहोत, तरी हटायचं नाही, ही गोष्ट कोवळ्या मनाला खेचते आणि खेचावीच. लिओनायडस आपल्या लोकांसाठी मरायला तयार होतो ते मला खोटं वाटलं नाही. त्याच्या धैर्याबद्दल आमच्यापैकी कुणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार दुसऱ्या बाजूच्या माणसांबद्दल होती. या चित्रपटात दुसऱ्या बाजूला माणसं नाहीतच म्हणा ना. झर्क्सिसचे निवडक सैनिक धातूचे मुखवटे घालून येतात. एकाचा मुखवटा पडतो तर आत राक्षसाचं तोंड. खुद्द झर्क्सिस माणसाच्या उंचीचा नाही. त्याच्याबरोबर येतात ती अक्राळविक्राळ धुडं. वार मंद गतीत दिसतो, मग एकदम वेग, मग पुन्हा मंद. रक्त काळपट शाईसारखं हवेत उडतं आणि जमिनीवर फारसं उरत नाही. मरणाऱ्याला वजनच नाही. फितुरी करणारा इफिआल्टीस पाठीत वाकलेला, विद्रूप दाखवला आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथात तो बक्षिसाच्या लोभानं डोंगरातली वाट दाखवणारा त्या भागातला एक माणूस आहे. पाठीचं कुबड चित्रकथेनं दिलेलं आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच नवजात बाळ कड्याच्या टोकाशी धरून तपासतात, खाली टाकून दिलेल्या बाळांच्या कवट्यांचा खच. व्यंग असलेल्या लेकराला जगू न देणारं राज्य आणि पुढे व्यंग असलेलाच माणूस देशद्रोही, हे दोन्ही एकापुढे एक ठेवलं की मला तरी अंगावर काटा येतो. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्या ज्या गोष्टींमुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांत वेगळ्या दिसत, त्यांपैकी एक म्हणजे त्या बाळं टाकून देत नसत. आणि स्वातंत्र्याच्या एवढ्या घोषणा करणाऱ्या स्पार्टाची शेती कोण करत होतं? हेलट, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राबवलेले गुलाम. ते पडद्यावर नाहीतच.

आजी चित्रपट संपेपर्यंत बसली, हे विशेष. उठताना नातवाला एवढंच म्हणाली, "यातल्या एखाद्या इराण्यासाठी तुला प्रार्थना करता येईल का रे? करून बघ." तो म्हणाला, "आजी, ते सगळे खोटे आहेत." ती म्हणाली, "ते खोटे आहेत, पण आपला प्रभू म्हणाला ते खरंय ना? वैऱ्यासाठी प्रार्थना करा म्हणाला. ज्याला तोंडच नाही त्याच्यासाठी काय मागायचं?"

रविवारच्या कौटुंबिक उपासनेत आम्ही एस्तेरचं पुस्तक काढलं, कारण हाच झर्क्सिस आमच्या शास्त्रात आहे. एस्तेरचा नवरा अहश्वेरोश राजा म्हणजे झर्क्सिस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुस्तक म्हणतं, त्यानं राज्याच्या तिसऱ्या वर्षी शूशन राजवाड्यात ती मोठी मेजवानी दिली आणि सातव्या वर्षी एस्तेर राणी झाली. मधल्या वर्षांबद्दल पुस्तक जवळजवळ काहीच सांगत नाही. झर्क्सिस इसवी सनापूर्वी 486 मध्ये गादीवर आला. हिशेब मांडला तर थर्मोपिली नेमकी त्या मधल्या वर्षांत बसते. म्हणजे चित्रपटातला तो सोन्यानं मढलेला महाकाय राजा ग्रीसहून हरून परत आला, त्यानंतर एस्तेर त्याच्यापुढे उभी राहिली. मुलगा हे ऐकून सरसावून बसला.

आणि एस्तेरमधला राजा काही सज्जन नाही. दारूच्या नशेत तो बायकोला लोकांपुढे मिरवायला बोलावतो. हामान या दरबाऱ्याच्या सांगण्यावरून अख्खी यहूदी जमात मारून टाकण्याच्या हुकमावर आपली मुद्रा उठवू देतो, आणि हुकूम सुटल्यावर दोघं पीत बसतात. ते वाचताना मला सफरचंद आठवलं. पण त्याच राजाला एके रात्री झोप येत नाही, तो जुनी दप्तरं वाचून घेतो, एस्तेरच्या नात्यातल्या मर्दखयाचे उपकार फेडायचे राहिले हे त्याच्या ध्यानात येतं. तो चुकतो, चिडतो, ऐकतो, बदलतो. त्याच्याशी बोलता येतं. एस्तेर जिवावर उदार होऊन त्याच्यापुढे जाते, कारण तो राक्षस नसून माणूस आहे. यहूद्यांच्या आठवणीत इराणचे राजे याहून बरेही आहेत. कोरेशानं त्यांना बाबेलमधून घरी जाऊ दिलं आणि यशया त्या परक्या राजाला देवाचा अभिषिक्त म्हणतो. अर्तहशश्तानं नहेम्याला यरुशलेमचा तट बांधायला पाठवलं.

नववा अध्याय आला तेव्हा आम्ही तो गाळला नाही. त्यात यहूदी आपल्या वैऱ्यांपैकी 75,000 जणांना मारतात. आमच्या घरात त्यावर एकमत झालं नाही. त्यांच्यावरच सामूहिक मरण आलं होतं, हे खरं. तरी तो आकडा मोठ्यानं वाचताना जीभ जड होते, आणि ती जड व्हावी असंच मला वाटतं.

त्याच पुस्तकाच्या पहिल्या ओळींत राजाचं राज्य हिंदुस्थानापासून कूशपर्यंत 127 प्रांतांवर असल्याचं लिहिलं आहे. आमच्या शास्त्रात आपल्या देशाचं नाव येतं ते याच पुस्तकात. आणि हिरोडोटस सांगतो की झर्क्सिसच्या सैन्यात हिंदी लोकही होते: अंगावर कापसाची वस्त्रं, हातात वेताची धनुष्यं, वेताचेच बाण आणि बाणांना लोखंडी टोकं. स्वारी फसल्यावर राजा माघारी गेला, पण मार्डोनियस या सेनापतीबरोबर मागे ठेवलेल्या फौजेत हे हिंदीही होते, आणि पुढच्या वर्षी प्लॅटिआच्या शेवटच्या लढाईत ते उभे होते. सिंधूकाठच्या कुठल्या तरी गावातून निघालेले ते धनुर्धारी. चित्रपटातल्या त्या काळ्या गर्दीत आपल्याकडचीही पोरं होती, हे कळल्यावर थोरला बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "त्यांना कुणी विचारलं असेल का, चलणार का म्हणून?"

मला जास्त लागून राहिलं ते वेगळंच. ज्या ग्रीकांच्या बाजूनं हा चित्रपट बोलतो, त्यांनी स्वतः वैऱ्याला असं रंगवलं नव्हतं. हिरोडोटसचा झर्क्सिस समुद्र ओलांडण्याआधी अबायडोसला उंचावर बसून आपलं आरमार पाहतो. आधी स्वतःला धन्य म्हणवतो आणि मग रडू लागतो. चुलता कारण विचारतो, तेव्हा तो सांगतो, एवढ्या माणसांपैकी शंभर वर्षांनी एकही जिवंत नसेल, याचं वाईट वाटलं. याच राजानं पुढे लिओनायडसच्या प्रेताचं डोकं तोडायला लावलं. प्लॅटिआच्या विजयानंतर एकानं स्पार्टाच्या पॉसेनियस या सेनापतीला सल्ला दिला की मार्डोनियसच्या प्रेताची तशीच विटंबना करून सूड घे. पॉसेनियसनं त्याला फटकारून परत पाठवलं. एस्किलस हा नाटककार तर इराण्यांशी मॅरेथॉनला स्वतः लढलेला, त्याचा भाऊ तिथे पडलेला. त्यानं इसवी सनापूर्वी 472 मध्ये, ग्रीकांनी सॅलमिसला झर्क्सिसचं आरमार बुडवलं त्याला आठच वर्षं झाली असताना, 'पर्शियन्स' हे नाटक अथेन्समध्ये केलं. ते घडतं शत्रूच्या राजधानीत. झर्क्सिसची आई मुलाच्या बातमीची वाट पाहत असते. दूत येतो, पडलेल्या इराणी सरदारांची एकेक नावं घेतो आणि म्हातारे दरबारी ऊर बडवतात. ज्यांचं शहर या इराण्यांनी जाळलं होतं ते अथेन्सचे लोक समोर बसून हे पाहत होते, आणि त्या नाटकाला त्यांनी पहिलं बक्षीस दिलं. येशूच्या जन्माआधी साडेचार शतकांहून जास्त काळ, डोंगरावरचं प्रवचन कानी न पडलेल्या लोकांना हे जमलं. आमच्या हाती तर शुभवर्तमान आहे. आम्हाला ते जमायला नको का?

थोरल्यानं मग आपणहून दुसऱ्या राजांच्या पुस्तकातला सहावा अध्याय काढला. अरामाची फौज अलीशा संदेष्ट्याच्या हाती आंधळी होऊन सापडते, तो तिला शोमरोनात आणून सोडतो. इस्राएलाचा राजा विचारतो, यांना मारू का? अलीशा म्हणतो, यांना जेवू घाल. मोठी मेजवानी होते आणि ते आपल्या घरी जातात. अरामी टोळ्या पुन्हा त्या देशात येत नाहीत. "याच्यावर कुणी पिक्चर काढणार नाही," मुलगा म्हणाला. आजी म्हणाली, "तू काढ."

आमच्या घरात '300' वर बंदी नाही. थोरल्याला पुन्हा पाहायचा असेल तर त्यानं पाहावा. आता तो पाहताना त्याला कापसाचे कपडे घातलेले लोक शोधावेसे वाटतील. धाकटीला मात्र आम्ही आणखी काही वर्षं तो दाखवणार नाही. तिची एस्तेरशी अजून ओळख व्हायची आहे, आणि हा राजा तिला आधी तिथे, त्या झोप न आलेल्या रात्री भेटावा अशी आमची इच्छा आहे.