वाटणीचा दगड

कामथडीच्या दोघा भावांत जमिनीची वाटणी झाली. चिठ्ठ्या सगळ्यांदेखत उचलल्या. थोरल्याला ओढ्याकाठची काळी आली, धाकट्याला वरचा तांबडा, मुरमाड माळ. "दादाला सोनं आणि मला गंजका मुरूम," असं धाकटा भेटेल त्याला ऐकवू लागला. थोरलाही कमी नव्हता. माळ म्हणजे टाकाऊच, हे तो हसत हसत बोलून दाखवी. दिवाळीला दोन घरांत फराळाची ताटं गेली नाहीत.

चुलते नाना यांची हयात विहिरी खोदण्यात गेलेली. त्यांनी दोघांना माळावर बोलावलं आणि घणाने एक तांबूस गोटा फोडला. कांद्यासारखे पापुद्रे सुटले. आत निघाला काळाभोर, टणक पाषाण.

"तुझ्या विहिरीच्या तळाला हाच लागला होता," ते थोरल्याला म्हणाले.

"मग वरून तांबडा कशानं?"

थोरल्याची लेक पुण्याला भूगर्भशास्त्र शिकत होती. वाटणीच्या भांडणात पोरीबाळींचं ऐकायची रीत नाही. त्या दिवशी ऐकलं, कारण फुटलेला दगड समोर होता.

"काका, हा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. याच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी लोहाच्या ऑक्साइडचा आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि फटींतून आत शिरतं. ऑलिव्हिन, पायरॉक्सीन ही खनिजं विरघळू लागतात. त्यांतला चुना, मॅग्नेशियम, सोडियम पाण्याबरोबर उतारानं जातात. लोखंडाला मात्र हवेतला ऑक्सिजन गाठतो. मग ते पाण्यात विरघळत नाही, जागीच बसतं. पाणी धरून राहिलं तर पिवळट तपकिरी गोएथाइट, पाणी सुटलं तर लाल हेमॅटाइट. गेरूला रंग येतो तो हेमॅटाइटचाच. गंजका म्हणता ना? पहारीवरच्या गंजातही गोएथाइट असतं."

"आणि माझी काळी?" थोरल्यानं विचारलं.

पोरीनं खालच्या शेतातून पांढरे चुनखडीचे खडे आणले होते. ते तिनं बापाच्या हातावर ठेवले. सखल जागी पाणी लवकर निचरत नाही. वरून आलेला चुना, सिलिका तिथं अडकते आणि पाण्यानं फुगणारी, उन्हात भेगाळणारी चिकण माती तयार होते. मग तिनं जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोन्ही मातींतून फिरवला. दोन्हीकडून काळे कण चिकटून आले. ते मॅग्नेटाइट, सहजी न झिजणारं.

"म्हणजे दादाच्या काळीत माझ्या माळाचा चुना आहे," धाकटा म्हणाला.

"आहे," थोरल्यानं कबूल केलं. सगळ्या भांडणात तो एवढंच सरळ बोलला.

हीच झीज फार पुढे गेली की जांभा होतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर तो जाडच्या जाड थरांत आहे. कामथडीचा माळ त्या वाटेवर अजून पुष्कळ मागे आहे.

वाटणी बदलली नाही. बदलायचं कारणही उरलं नव्हतं. थोरल्यानं काळीत पाणी साचू नये म्हणून चर खणले. माती त्यानं माळाच्या बांधावर टाकू दिली. धाकट्यानं माळावर सीताफळ लावलं. मुरमातून पाणी निथळून जातं, मुळं कुजत नाहीत. शेजारच्या पुरंदर तालुक्यात अशाच हलक्या जमिनींवर सीताफळाच्या बागा उभ्या आहेत.