हे पाणी कोणाचे?



श्रावणातल्या एका सप्ताहात, रिसोड तालुक्यातल्या एका गावी, मला एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न पुष्कळ वर्षे माझ्यामागे लागून आहे. पावसाने ओढ दिली होती. आदल्या रात्रीचे कीर्तन दानधर्मावर झाले होते. सकाळी हा गृहस्थ वीतभर खोलीवरची काळी माती मुठीत घेऊन आला आणि ती माझ्या हातावर ठेवली. हाताला गार लागली. तो म्हणाला, "ओल तं हाये महाराज, पण झाड सुकून रायलं. मंग हे पानी कोनाचं?"

त्याने शेतीचा प्रश्न विचारला होता, पण रोख माझ्या कालच्या कीर्तनावर होता हे उघड होते. जवळ असून न देणे याला मी रात्री कृपणपणा म्हटले होते. मग काळी आई कृपण आहे काय?

आम्हा कीर्तनकारांजवळ पृथ्वीविषयी एक उत्तर तयार असते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिली पृथ्वी. तिच्यापासून तो क्षमा शिकला. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतात हा विषय विस्ताराने मांडला आहे. नांगराने फाडली तरी धान्य देते, खणली तरी पाणी देते, हे आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकले आणि मीही शेकडो वेळा सांगितले. पण मुठीतल्या त्या मातीने पाणी दिले नव्हते, राखले होते. क्षमेचे उत्तर तिथे लागू पडत नव्हते. तेव्हा आधी माती पाहिली पाहिजे.

भारी काळीत विहीर खोदली की तिची कड एखाद्या पोथीसारखी वाचता येते. वरची वीत-दीड वीत नांगरटीची, भुसभुशीत किंवा ढेकळांची. तिच्याखाली पुष्कळ ठिकाणी एक दडपलेला पट्टा असतो. दरवर्षी एकाच खोलीवर नांगर चालून आणि अलीकडे ट्रॅक्टरच्या वजनाने तो घट्ट होतो आणि मुळे तिथून आडवी वळतात. त्याच्याखाली खरी काळी. तिचे मोठे ढेप निघतात आणि त्यांच्या तिरप्या बाजू घासून घासून गुळगुळीत, चमकदार झालेल्या असतात. ही चमक कोणी केली? मातीनेच. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आक्रसते. फुगताना जागा पुरत नाही म्हणून ढेप एकमेकांवर घसरतात. उन्हाळ्यात ती भेगाळते, मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचा भुगा त्यांत खोल उतरतो. यावरूनच शास्त्रज्ञांनी हिला 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून व्हर्टिसॉल हे नाव दिले. आणखी खाली पांढरे चुनखडे, मग मुरूम, आणि शेवटी तो काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो झाला आणि त्याच्याच झिजण्यातून वरची सगळी पोथी लिहिली गेली.

आपल्या वाडवडिलांना हे सगळे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. गावाच्या जागेला ते 'पांढरी' म्हणत आणि शेतीच्या जमिनीला 'काळी'. काळीवर घर बांधले तर तिच्या फुगण्या-आक्रसण्याने भिंत तडकते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. म्हणून राहायचे पांढरीवर आणि जगायचे काळीवर. (आता रस्त्याकडेची काळी बिगरशेती करून तिच्यावर घरे उठतात आणि दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तडा निघाला की मिस्त्रीला दोष देतात. असो.)

आता मुठीतल्या पाण्याकडे येऊ. काळी माती चिकणमातीची. तिच्यात निम्मा, कधी निम्म्याहून जास्त भाग अशा कणांचा असतो की एक कण मिलिमीटरच्या दोन हजारांशाहूनही लहान, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एकाहूनही बारीक. आणि हा कण गोटीसारखा नसतो, चपटा असतो. पोथीच्या पानांसारखे पापुद्रे एकावर एक. पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरते, म्हणून माती फुगते. असल्या एक ग्रॅम शुद्ध चिकणमातीचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर कित्येक शे चौरस मीटर जागा व्यापतील. एवढ्या अंगाला पाणी चिकटलेले असते. कणापासून दूर असलेले पाणी सैल, मूळ ते सहज ओढते. जसजसे कणाजवळ जावे तसतशी पकड घट्ट. हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरा पट ओढ लावून मूळ थकते आणि झाड मान टाकते. त्या घटकेला शंभर किलो कोरड्या मातीमागे वीस किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाणी भारी काळीत शिल्लक असते. रेताड जमिनीत त्याच घटकेला पाच किलोही नसते.

म्हणजे त्या शेतकऱ्याचे म्हणणे खरे होते. वाळू जवळचे सगळे देऊन टाकते. काळी एक वाटा राखते.

पण इथेच एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वाशिम जिल्हा सपाट नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे इथे पसरले आहेत. माथ्यावर बरड जमीन, वीतभर माती आणि खाली मुरूम. उतारावर मध्यम आणि नदीनाल्याच्या खोलगटात भारी काळी. बरड फारसे काही राखत नाही. आठ-दहा दिवस पाऊस गेला की तिच्याजवळ द्यायला काही उरत नाही. मीटरभर खोल काळीत मात्र पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावते. सोयाबीन निघाल्यावर, पाऊस गेल्यावर, नुसत्या त्या ओलीवर हरभरा उभा राहतो. सगळ्यात जास्त राखणारी तीच आणि सगळ्यात जास्त दिवस देणारीही तीच. ही दोन वेगळ्या स्वभावांची कामे नव्हेत. ज्या पापुद्र्यांमुळे ती देऊ शकते त्याच पापुद्र्यांमुळे ती राखते. राखणारे अंग काढून टाका, ती वाळू होईल आणि देणेही संपेल.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू, कारण या ठिकाणी भागवतात दोन वचने समोरासमोर उभी आहेत. सप्तम स्कंधाच्या चौदाव्या अध्यायात नारद युधिष्ठिराला गृहस्थाचा धर्म सांगतात. पोट भरेल तेवढ्यावरच देहधाऱ्याची मालकी, त्याहून जास्त जो आपले म्हणतो तो चोर, तो दंडाला पात्र, असा तिथला निवाडा आहे. इतके कडक बोलणे दुसरीकडे क्वचित सापडते. आणि अष्टम स्कंधात, एकोणिसाव्या अध्यायात, शुक्राचार्य बळीला अडवतात. ज्या दानाने उपजीविकाच मोडते त्या दानाची कोणी स्तुती करत नाही, द्रव्याचे पाच वाटे करावेत, त्यात धर्माचा आणि कीर्तीचा वाटा जसा तसा पुन्हा धन उभे करण्याचा, स्वतःच्या भोगाचा आणि आप्तांचाही, असे ते सांगतात. बळीने ऐकले नाही आणि तिसऱ्या पावलासाठी मस्तक पुढे केले. आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो ते त्याचेच नाव.

कीर्तनात शुक्राचार्यांचे हसे करणे सोपे असते. झारीचे तोंड अडवून बसलेला, डोळा गमावलेला गुरू. लोकही हसतात. पण माउली, पेरणीच्या तोंडावर ज्याच्या घरात बियाणे नाही त्याने शुक्राचार्यांना हसू नये. सगळे देऊन टाकलेला शेतकरी जूनमध्ये कोणाच्या दारात जातो, आणि तिथून कोणत्या व्याजाने परत येतो, हे वऱ्हाडात सांगायला नको. त्याचे देणे एका हंगामाचे झाले आणि घेणे दहा वर्षांचे. बरडीसारखे झाले ते. म्हणून उपजीविका राखावी हे शुक्राचार्यांचे म्हणणे मला पटते.

आता भीती वेगळीच आहे. हे वाचून प्रत्येक कृपण म्हणेल, बघा, काळी आईसुद्धा राखते, मग मी राखले तर काय बिघडले? त्याला उत्तर दिल्याशिवाय हा लेख सोडता येणार नाही.

काळी किती राखते ते तिच्या अंगातल्या चिकणमातीवर ठरते. दहा इंच पाऊस पडो की चाळीस, तो वाटा तेवढाच. त्याच्यावर आलेले सगळे मुळाला मोकळे. पीक कोणाचे हे ती पाहत नाही. सोयाबीनच्या तासात उगवलेल्या तणालाही त्याच ओढीने तेच पाणी मिळते. कृपणाचे तसे नसते. त्याचा राखीव वाटा मिळकतीबरोबर वाढतो. पाच पोती होती तेव्हा दोन राखत होता, पन्नास झाली तेव्हा पंचेचाळीस राखतो, आणि दोन्ही वेळा म्हणतो की अडीअडचणीसाठी ठेवले. अडचण तीच आणि माणसे तीच असताना वाटा का वाढला, हे त्याला विचारावे. नारदांचा चोर हा शब्द मला वाटते इथे लागू होतो. पोट ठरलेले आहे, हे त्यांच्या बोलण्यातले मर्म.

दुसरे, वाट्याच्या वर साठले आणि निघायला वाट मिळाली नाही तर काळीचेही नुकसानच होते. झडीचा पाऊस लागला की ती फुगून भेगा मिटवते, पाणी आत जात नाही, वर साचते आणि जमीन चिबडते. मुळांना हवा मिळत नाही, पाण्यात उभे पीक पिवळे पडते. पाणी भरपूर असून झाड उपाशी. शेतकरी म्हणून वाफशाची वाट पाहतो. वाफसा म्हणजे कणांमधल्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही. काळीत तो मोजके दिवस टिकतो. आधी गेलो तर चिखल पायाला धरतो, उशीर झाला तर वखर दगडावर चालल्यासारखा चालतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली सुरू झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत बसवली. आपल्याकडे सोयाबीनला ती आता पुष्कळजण वापरतात. वरंब्यावर पीक, जास्तीचे पाणी सरीतून बाहेर, आणि उघाडीत तीच सरी ओल धरते. घरातही एखादी सरी काढून ठेवलेली असावी लागते. पैसा आला की विचार न करता ज्या वाटेने तो दुसऱ्याकडे जाईल अशी वाट. विचार करून द्यायचे म्हटले की फार थोडे दिले जाते, हा पन्नास वर्षे फिरून आलेला माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट जरा बोचणारी आहे. खोलगटातली काळी आली कुठून? पुष्कळशी माथ्यावरून. शतकानुशतके पावसाने डोंगराची माती खाली वाहून आणली. माथा बरड झाला म्हणून खोलगट भारी झाले. आजही उताराला आडवी पेरणी केली नाही, बांध राखला नाही तर एका झडीत वरच्या माणसाची माती खालच्याच्या शेतात जाते. खालचा म्हणतो, माझी जमीन कसदार. ती कसदार आहेच, पण कस माथ्याचा आहे. ज्यांच्या घरी चार पैसे साठले त्यांनी तो उतार एकदा वर चढून पाहावा. कोणाच्या मजुरीतून, कोणाच्या बहिणीच्या सोडलेल्या हक्कातून, कोणाच्या न वाढलेल्या सालातून ते खाली आले आहेत.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मी याच बाजूने सांगत आलो. मंगळवेढा पंढरीजवळ, आणि तिथली खोल काळी जमीन ज्वारीसाठी नावाजलेली. पाऊस गेल्यावर पेरायचे आणि साठलेल्या ओलीवर कणीस भरायचे. त्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिथल्या कोठारात बेदरच्या बादशहाचे धान्य होते आणि दुष्काळात दामाजींनी ते लोकांना वाटले. पुढे विठ्ठल महाराचे रूप घेऊन बेदरला गेला आणि धान्याची किंमत भरून आला. श्रोत्यांतला एखादा चौकस विचारी, महाराज, दुसऱ्याचे धान्य वाटणे हे दान कसे? कायद्याने ते दान नव्हेच. पण ते धान्य बादशहाचे तरी कसे झाले? त्याच काळीतून, त्याच कुळांच्या हातून ते कोठारात उतरले होते. दामाजींनी ते आले त्या वाटेने परत सोडले. तरी देवाने किंमत भरली, हेही विसरू नये. हिशेब बुडवला नाही. उपाशी माणूस आणि कोठाराचा मालक या दोघांमध्ये उभे राहून दोन्ही बाजू सांभाळणे किती अवघड, ते देवाला महार व्हावे लागले यावरून समजावे.

मग ते पाणी कोणाचे? मातीने धरले तरी तिलाही ते शेवटपर्यंत मिळत नाही. चैत्र-वैशाखात भेगांवाटे त्यातले बरेच उन्हाला जाते. त्या भेगांनी हरभऱ्याची मुळे तुटतात, म्हणून शहाणा शेतकरी वेळेवर डवरा फिरवून त्या बुजवतो. पण पीक निघाल्यावर काळी उघडी पडते आणि आपला राखीव वाटाही आकाशाला देते. मृगाचा पहिला पाऊस याच भेगांतून थेट खोल जातो. भेगा पडल्या नसत्या तर वळवाचे पाणी वरूनच वाहून गेले असते.

मी आळंदीला, जोग महाराजांनी १९१७ साली स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलो. कथेच्या मोबदल्यात द्रव्य घ्यायचे नाही ही शिस्त तिथे लागली, आणि घरच्या सहा एकरांवर संसार झाला. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी बसून आमचा वाटा ठरवला: वर्षाचे धान्य, पुढच्या पेरणीचे बियाणे, दोघांच्या औषधाचे पैसे. त्याच्यावर येईल ते सरीतून बाहेर, गावातल्या दोन मुलींच्या शिक्षणाला. बारा वर्षे आकडा तोच ठेवला. आता गुडघ्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि मुलगा म्हणतो, "बाबा, वाटा वाढवा. माती म्हातारी होत नाही, तुम्ही झालात." त्याचे बोलणे खोटे नाही. त्या दोघींपैकी धाकटीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. तोवर आकडा बदलायचा नाही, एवढे आम्ही ठरवले आहे.