बाई गेल्या, घास कुणाला?



आमच्या कॉलेजातल्या सल्लागार बाई गेल्या. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तेव्हा मी वळकटी बांधून गावी निघालो होतो. बाईंनी एस.टी. स्टँडवरून मला माघारी आणले, दाखला पुन्हा काढायला लावला, तोवर खाणावळीचे पैसे स्वतः भरले. नाहीतर आज मी फळ्यापुढे उभा नसतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाले, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने कावळ्यासाठी घास काढला. तरुण पोरे चिडली. श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिली. ती पाळलीच पाहिजे. पण आजीला दटावून काय होणार? मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या किसा गोतमीवर तथागत रागावले नाहीत. ज्या घरी कुणी मेले नाही तिथली मोहरी आण, म्हणाले. दारोदार फिरून तिचे तिलाच उमगले.

मी आजीजवळ बसलो. विचारले, "आजी, बाईंनी कुणाकुणाला जेवू घातलं?" ती नावे सांगू लागली. त्यात माझेही आले. बोलता बोलता तिने ते ताट उचलले आणि वसतिगृहातून आलेल्या पोरीपुढे सरकवले.