भरलेली वॅगन

बसा. पाठ टेकली तरी चालेल. आज आपल्याला मालगाडीच्या चालीनेच जायचं आहे.

वणीच्या सायडिंगवर कोळशाचा रिकामा रेक लागला आहे असं समजा. अठ्ठावन्नच्या आसपास उघड्या वॅगन. त्यांतली एकच निवडा आणि तिच्याजवळ उभे राहा. पत्र्यावर पांढऱ्या रंगात अकरा आकडे आहेत. पहिले दोन वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची, त्यापुढचे दोन ती कोणत्या साली बनली. शेजारी तिचं रिकामं वजन. बॉक्सएन प्रकारची असेल तर साडेबावीस टनांच्या आसपास. वाचा, आणि थोडं थांबा.

आता पेलोडर येतो. उकणी, निलजई, मुंगोली, अशाच एखाद्या खुल्या खाणीतला कोळसा ट्रकनं येऊन इथे पडलेला आहे. पहिली बकेट उघड्या लोखंडावर आदळते. दुसरी, तिसरी. मग कोळशावर कोळसा पडू लागतो आणि आवाज दबत जातो. तो दबत जाणारा आवाज ऐका. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं आहेत. तेव्हा फुलं नव्हती, पक्षी नव्हते.

भरणीला ठरलेले तास मिळतात, त्यापुढे डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लागतं. म्हणून सायडिंगवरची माणसं घाईत असतात. धूळ त्यांच्या पापण्यांवर बसलेली असते. मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर दंड, कमी भरलं तरी भाडं सहसा पूर्ण वॅगनचंच. तेव्हा वॅगन भरायची ती नेमकी. अख्ख्या रेकचं मग वजन होतं, पावती बनते आणि गाडी माजरीकडे निघते. तिथे तिला दिल्ली-चेन्नईचा मोठा मार्ग मिळतो.

तिला जाऊ द्या. आपण आपल्या एका वॅगनचा हिशेब करू.

तिच्यात साठ टन कोळसा धरा. एका युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे या वॅगनमधून ऐंशी हजार युनिटं. तुमच्या घरी महिन्याला शंभर युनिटं लागत असतील, तर वर्षाची बाराशे. भागाकार सावकाश करा. सासष्ट वर्षांहून जास्त. बाळाच्या पाळण्यावरचा पंखा, दहावीच्या अभ्यासाचा दिवा, आजारपणातली रात्र, नातवंडांचा टीव्ही, हे सगळं एका वॅगनमध्ये मावतं. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा फाटकाशी उभं राहून मालगाडीला कंटाळणं संपलं. एकेक वॅगन म्हणजे एकेक घर, असंच आता दिसतं.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. खुल्या खाणीत एक टन कोळसा काढायला कित्येक घनमीटर माती-दगड आधी उपसावा लागतो. तो कुठल्याच रेकमध्ये चढत नाही. वणी तालुक्यात, वर्धेच्या काठाने, त्याचे डोंगर उभे आहेत. त्यांच्याकडेही वॅगनइतकाच वेळ पाहा. त्या जागी काळी जमीन होती, कपाशी होती. गाडी निघताना झालेल्या वजनात हे कुठेच आलेलं नाही. आपल्या घराच्या सासष्ट वर्षांच्या हिशेबात ते धरून पाहा: किती एकर, कपाशीचे किती हंगाम, आणि दर पावसाळ्यात त्या ढिगाऱ्यांवरून नाल्यात उतरणारा किती गाळ.