आपला हात, दुसऱ्याचं पोट

पुण्यात सायकली कमी झाल्या. सायकलीबद्दलची मतं काही कमी झालेली नाहीत. मार्केट यार्डाजवळच्या आमच्या सोसायटीत मी रविवारी बारीक टायरची, गिअरची सायकल उलटी करून बसलो, की मतांचं मोफत वाटप सुरू होतं. बहुतेक मतं तेलाविषयी असतात. परवा मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नैतिक प्रश्नच टाकला, "तुम्ही बँकवाले, दरमहा पगार. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय कशाला देता हो?"

आम्ही कॉमर्सवाले अशा वेळी ॲडम स्मिथ पुढे करतो. त्याच्या १७७६ सालच्या ग्रंथात टाचण्यांचा कारखाना आहे. दहा माणसं काम वाटून घेतात आणि दिवसाला ४८ हजार टाचण्या काढतात. एकेकट्यानं केल्या तर वीससुद्धा व्हायच्या नाहीत. थोडक्यात, ज्याचं काम त्यानं करावं. मार्केट यार्डात दुसरं काय चालतं? शेतकरी आणतो, अडत्या विकतो, तोलणार तोलतो, हमाल उचलतो. या अंगमेहनतीला महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायद्याचं बळही दिलं. म्हणजे काकांचं पारडं जड!

पण याच स्मिथसाहेबांनी त्याच ग्रंथात पुढे लिहून ठेवलंय, की जन्मभर दोन-चार साध्या क्रिया करत राहणारा माणूस, माणसाला होता येईल तितका मठ्ठ होतो. हा भाग आम्हाला परीक्षेला नव्हता. आमच्यातले बरेच जण पुढे बँकेत जाणार, हे विद्यापीठाला ठाऊक असावं.

म्हणून मला चेन आवडते. बारा इंची पट्टी लावा. नव्या चेनचे चोवीस दुवे बरोबर बारा इंचांत बसतात. अर्धा सूत जास्त भरली, की बदलायची. नाहीतर मागच्या चक्रांचे दातेही खाते. थकबाकीचं असंच असतं. वेळेवर मिटवली तर ठीक, नाहीतर जामीनदारालाही घेऊन बुडते. पंक्चरचंही तसंच. ठिगळ कुणीही लावील. पण आधी टायरच्या आतून जपून बोट फिरवायला हवं. फळांच्या खोक्याचा खिळा तिथंच मुक्कामाला असेल, तर नवं ठिगळ म्हणजे त्याचा दुसऱ्या दिवशीचा नाश्ता.

तर काकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. चेन पुसणं, तेलाचे थेंब सोडणं, हवा बघणं, ब्रेकच्या रबरात रुतलेली खडी काढणं, ही देखभाल. चाकाचा आउट काढणं, बेअरिंग उघडणं, ही दुरुस्ती. दुरुस्तीला कसब लागतं. ते ज्याच्याकडे आहे त्याला पैसे द्यावेत, आणि घासाघीस न करता द्यावेत. देखभालीला लक्ष लागतं, आणि लक्ष पगारावर ठेवता येत नाही. म्हाताऱ्या आईला वेळेवर गोळ्या द्यायला बाई मिळते. पण आईचा आवाज आज बारीक का झालाय, हे घरच्यालाच ऐकावं लागतं. ते काम आपण दुसऱ्यावर सोपवतो तेव्हा त्याच्या पोटाची सोय होते खरी, पण आपलं नातं मात्र उरतं पावतीपुरतं.

चाकाला आउट आला, की मी कोपऱ्यावर जातो आणि सांगितलेले पैसे देतो. पंक्चरवाला चेनवर बोट फिरवून बघतो, बोट काळं होत नाही. "घरी पुसता वाटतं?" तो विचारतो. त्यात तक्रारीचा सूर नसतो. पुसलेल्या सायकलीवर हात चालवायला त्यालाही बरं वाटत असावं.