परत फिरलेला जमाव



दानीएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आपण प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात, सोमवारच्या मिस्सेत ऐकतो. (इतर काही पंथांच्या बांधवांच्या बायबलमध्ये हा अध्याय नसतो, म्हणून कधी त्यांनी विचारले तर गोष्ट सांगावी.) बाबेलमध्ये सुसान्ना नावाच्या विवाहितेवर दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी व्यभिचाराचा खोटा आळ घेतला. लोकांनी काही विचारले नाही. सांगणारे मोठे होते, दोघे होते, एवढे पुरे झाले. तिला मारायला नेत असताना दानीएल नावाचा तरुण ओरडला की या रक्तात माझा वाटा नाही. त्याने दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली पाहिले? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरेच.

दानीएलच्या हुशारीचे कौतुक सगळे करतात. मला कौतुक वाटते ते त्या जमावाचे. एका पोराच्या सांगण्यावरून तो जमाव परत फिरला. आपले चुकले असेल, पुन्हा चौकशी करू, असे म्हणायला मोठे मन लागते. शंभर लोकांत उभे असताना तर फारच.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जमाव परत फिरला नाही. तो रविवार होता, बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथे आले होते. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला असे कोणाला दिसले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारले. टोळी वगैरे काही नव्हती. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीत पालकांच्या जागृतीसाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात. तेवढा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. म्हणजे बोटांना लगाम घातला. मनाला कोण घालणार?

सोलापूर-धुळे महामार्ग आपल्या शहागडजवळच गोदावरी ओलांडतो. चादरी विकणारे, केसांवर भांडी देणारे, भिक्षेकरी आपल्या दारातूनही जातात. आणि आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या परक्या गावात अनोळखी माणसे आपणच असतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे, म्हणून बोलायला जड जाते. २७ मार्च १९९२ रोजी केरळात कोट्टायम येथे मठाच्या विहिरीत सिस्टर अभया यांचा मृतदेह सापडला. प्रथम आत्महत्या म्हटले गेले. अठ्ठावीस वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, सीबीआय न्यायालयाने एका धर्मगुरूला व एका सिस्टरला खुनासाठी दोषी ठरवले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करून जामीन दिला. या सगळ्या वर्षांत कित्येकांना खात्री होती. काहींची खात्री अशी की पाद्री म्हणजे असेच. आपल्यातल्या काहींची अशी की झगा घातलेला माणूस असे करूच शकत नाही. दोघांनीही साक्षीपुरावा वाचलेला नव्हता. आपल्या माणसाची बाजू घेणे म्हणजे श्रद्धा नव्हे, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात निकदेम परुश्यांना साधा प्रश्न करतो: माणसाचे ऐकून न घेता आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते का? त्याला उत्तर मिळत नाही. उलट विचारतात, तूही गालीलातला की काय? आजही ग्रुपवर कोणी विचारले की ही बातमी कुठली, कोणी पाहिले, तर लगेच येते, तू त्यांच्या बाजूचा दिसतोस. निकदेम तेवढ्याने गप्प बसला असेल, पण दफनाच्या वेळी सुगंधी द्रव्ये घेऊन आला तोच.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २४७७ वा परिच्छेद आठव्या आज्ञेखाली सांगतो की पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे हाही अपराध आहे. तोंडाने बोलण्याचीही गरज नाही. पापनिवेदनाला येताना आपण शिवी, भांडण, चुकलेली मिस्सा आठवतो. पुढे पाठवलेला निरोप कोणी आठवत नाही, कारण तो आपण लिहिलेला नसतो. दोन न्यायाधीशांचे शब्दही लोकांनी रचले नव्हते, दगड मात्र त्यांच्याच हातात होते.

या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत राईनपाड्यात मेलेल्या पाच जणांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी एक विनंती ठेवली आहे. मारणाऱ्यांसाठीही एक ठेवली आहे. दोन्हींना प्रतिसाद मोठ्याने द्यावा.